काळाचे मोल आणि भांडवलाचा हिशेब

किराणा मालाच्या दुकानात 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी पुष्कळांनी वाचलेली असते. ती लावणाऱ्या दुकानदाराने अर्थशास्त्राचे अध्ययन केलेले असतेच असे नाही. तथापि त्याच्या व्यवहारबुद्धीने एक गोष्ट अचूक ओळखलेली असते. आज गल्ल्यात पडलेल्या शंभर रुपयांचे आणि वर्षाने हाती येणाऱ्या शंभर रुपयांचे मोल सारखे नसते. आजच्या शंभरांचा माल भरता येतो, तो विकून चार पैसे मिळविता येतात, आणि काहीच न केले तरी निदान ते बँकेत ठेवून त्यांवर व्याज घेता येते. वर्षाने येणाऱ्या शंभरांना ह्यांपैकी काहीही साधत नाही. शिवाय ते येतील की नाही ही शंका राहतेच. छोट्या दुकानदारास जे सहज उमगते, ते कोट्यवधी रुपयांचे कारखाने उभारणारांच्या ध्यानातून मात्र कित्येकदा निसटते. ते निसटू नये म्हणून व्यवसायाच्या शास्त्राने जी पद्धती सिद्ध केली, तिला 'निव्वळ वर्तमान मूल्य' असे नाव आहे.

नाव नवे असले तरी तिच्या मुळाशी असलेला विचार आपल्याकडील पेढ्यांना अपरिचित नव्हता. काही मुदतीनंतर हजार रुपये मिळावयाचे अशी मुदती हुंडी घेऊन एखादा व्यापारी सराफाकडे गेला, तर सराफ त्याच्या हातावर पुरे हजार ठेवीत नसे. उरलेल्या मुदतीचे व्याज कापून बाकीची रक्कम तो रोख देई. ह्या कापण्यास वटाव म्हणत, आणि त्यावरूनच हुंडी वटविणे हा शब्दप्रयोग रूढ झाला. पुढे यावयाच्या रकमेचे आजचे मोल ठरविणे, एवढाच ह्या व्यवहाराचा अर्थ होता.

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती' ग्रंथातही ह्याच जातीचे एक उदाहरण आहे. दरमहा शेकडा पाच ह्या व्याजाने मुद्दल आणि व्याज मिळून वर्षाअखेर १,००० होतात, तर मुद्दल किती आणि व्याज किती, असा तो प्रश्न आहे. उत्तर ६२५ आणि ३७५ असे येते. त्या दराने वर्षानंतरच्या हजाराचे आजचे मोल ६२५ ठरते, असेही हे उत्तर वाचता येईल. भास्कराचार्यांचे गणित सरळव्याजाचे आहे, आणि कारखान्यातील भांडवलाचा प्रश्न त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता, हे खरे. परंतु पुढची रक्कम दिलेली असता मागे येऊन आजची रक्कम शोधणे ही गणिताची वाट तीच आहे.

व्यवसायात हीच वाट चक्रवाढ व्याजाने चालावी लागते. व्याजाचा दर शेकडा दहा धरला, तर आजचे १०० रुपये वर्षाने ११० आणि दोन वर्षांनी १२१ होतात. उलट दिशेने पाहिले, तर दोन वर्षांनंतरच्या १२१ रुपयांचे आजचे मोल १०० रुपये होय. ह्याच दराने पाच वर्षांनंतरच्या शंभर रुपयांचे आजचे मोल सुमारे ६२ रुपये, दहा वर्षांनंतरच्या शंभरांचे सुमारे ३८ रुपये ५५ पैसे आणि वीस वर्षांनंतरच्या शंभरांचे १५ रुपयांहूनही थोडे कमी भरते. काळ जसजसा लांबतो तसतशी रक्कम आटत जाते. आणि हे आटणे महागाईचे नव्हे, केवळ थांबण्याचे आहे. महागाई मुळीच नसली तरी ते घडतेच.

एखाद्या योजनेतून पुढील प्रत्येक वर्षी जी रोकड हाती येईल, तिचे ह्या रीतीने आजचे मोल काढावयाचे, त्या साऱ्यांची बेरीज करावयाची, आणि तीतून आज गुंतवावयाचे भांडवल वजा करावयाचे. जी बाकी राहते तेच त्या योजनेचे निव्वळ वर्तमान मूल्य. बाकी शून्याहून अधिक असेल तर योजना मालकाच्या संपत्तीत भर घालते. उणे असेल तर त्या संपत्तीस गळती लावते.

एक साधे उदाहरण घ्यावे. तेलाच्या गिरणीचा एक मालक १० लाख रुपयांचे नवे यंत्र बसवू इच्छितो. त्या यंत्रामुळे पाच वर्षे दर वर्षअखेर २,५०,००० रुपये अधिक हाती येतील आणि पाच वर्षांनंतर यंत्राला मोडीचीही किंमत येणार नाही, असे समजावे. हिशेब सोपा व्हावा म्हणून कराचा विचार बाजूस ठेवावा. पाच वर्षांत एकूण १२,५०,००० रुपये येणार, म्हणजे अडीच लाखांचा लाभ, असे मालकाचा मुनीम सांगेल. चार वर्षांत सारे भांडवल फिटते आणि पाचव्या वर्षाची कमाई निखळ नफ्याची, असेही तो म्हणेल. बेरजेत त्याची कोठेही चूक नाही.

आता तेच पैसे तितक्याच जोखमीच्या अन्य धंद्यात शेकडा दहा मिळवू शकतात, असे धरून हिशेब मांडावा. पहिल्या वर्षाच्या अडीच लाखांचे आजचे मोल २,२७,२७३ रुपये, दुसऱ्याचे २,०६,६१२, तिसऱ्याचे १,८७,८२९, चौथ्याचे १,७०,७५३ आणि पाचव्याचे १,५५,२३० येते. बेरीज ९,४७,६९७ रुपये होते, आणि गुंतवावयाचे आहेत १० लाख. बाकी उणे ५२,३०३. ह्याचा अर्थ असा की, दुसरीकडे ९,४७,६९७ रुपये शेकडा दहाने गुंतवून जी पाच वार्षिक प्राप्ती होऊ शकते, तीच ह्या यंत्रापासून मिळविण्यासाठी मालक १० लाख मोजणार आहे. अडीच लाखांचा जो लाभ मुनिमास दिसला तो काळाने आधीच गिळलेला होता. खातेवहीत काळाच्या नावे रकाना नव्हता, एवढेच.

योजनेतून पैसे केव्हा येतात, हेही किती येतात याच्या इतकेच महत्त्वाचे असते. दोन योजनांत प्रत्येकी १० लाख रुपये घालावयाचे आहेत आणि दोहोंतूनही पाच वर्षांत एकंदर १५ लाख येणार आहेत, असे मानावे. एकीतून पहिल्या वर्षी ५ लाख आणि नंतर क्रमाने ४, ३, २ व १ लाख येतात. दुसरीतून ह्याच रकमा उलट क्रमाने येतात. केवळ बेरीज पाहणाऱ्यास दोन्ही योजना समान वाटतील. परंतु शेकडा दहा दराने पहिलीचे निव्वळ वर्तमान मूल्य सुमारे २,०९,००० रुपये आणि दुसरीचे अवघे ६५,००० रुपये येते. रकमा त्याच आणि बेरीजही तीच असूनही केवळ क्रम बदलल्याने सुमारे १,४४,००० रुपयांचा फरक पडला.

युरोपात ह्या गणितास छापील रूप फार पूर्वी लाभले. सिमोन स्टेव्हिन ह्या गणितज्ञाने १५८२ मध्ये अँटवर्प येथे व्याजाची कोष्टके प्रसिद्ध केली आणि सामान्य व्यापाऱ्यासही हा हिशेब करण्याचे साधन मिळाले. विसाव्या शतकात अमेरिकेतील येल विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर ह्यांनी १९०७ आणि १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याजविषयक ग्रंथांत ह्या विचारास पक्की शास्त्रीय बैठक दिली. पुढे १९५१ मध्ये जोएल डीन ह्यांचा भांडवली खर्चाच्या नियोजनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि विद्यापीठांतील हा विचार हळूहळू कारखान्यांच्या कचेऱ्यांत शिरू लागला. तरीही तो सर्वत्र पोहोचला नव्हता. तो न पोहोचल्यास काय घडते, ह्याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेतील विमान-उद्योगात आढळते.

लॉकहीड ही अमेरिकेतील विमाने बांधणारी एक मोठी कंपनी. १९६० नंतरच्या दशकात तिने 'ट्रायस्टार' नावाचे, तीन इंजिनांचे मोठे प्रवासी विमान बांधावयास घेतले. त्याची इंजिने पुरविणारी ब्रिटनमधील रोल्स-रॉइस कंपनी फेब्रुवारी १९७१ मध्ये कोसळली. लॉकहीड आधीच अन्य कारणांनी अडचणीत होती. तिने अमेरिकी सरकारकडे २५ कोटी डॉलरच्या कर्जासाठी हमी मागितली. हजारो कामगारांच्या पोटाचा प्रश्न एका बाजूस आणि करदात्यांचा पैसा दुसऱ्या बाजूस, असा पेच अमेरिकेच्या विधिमंडळापुढे उभा राहिला. सुमारे दोनशे विमाने विकली गेली की ही योजना ना नफा ना तोटा ह्या रेषेवर येईल आणि पुढे नफाच आहे, असे कंपनीच्या वतीने सांगण्यात आले. १९७१ मध्ये प्रतिनिधिगृहात १९२ विरुद्ध १८९ आणि सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ४८, अशा अत्यल्प मताधिक्याने हमीचा कायदा संमत झाला.

दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, प्रिन्स्टन विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ उवे राइनहार्ट ह्यांनी ह्या हिशेबाची छाननी प्रसिद्ध केली. विमानाचा आराखडा व विकास ह्यांसाठी लागलेला खर्च सुमारे १ अब्ज डॉलर होता आणि तो पहिले विमान विकले जाण्यापूर्वी काही वर्षे होत आला होता. विमानांची विक्री मात्र त्यानंतरच्या वर्षांत थोडी थोडी व्हावयाची होती. शेकडा दहा हा दर धरला, तर १ अब्ज डॉलर नुसते अडकून राहण्याची किंमतच वर्षास १० कोटी डॉलर, म्हणजे दिवसास सुमारे २,७४,००० डॉलर होते. कंपनीच्या दोनशे विमानांच्या आकड्यात ह्या किमतीस जागाच नव्हती. ती धरली असता ना नफा ना तोटा ही रेषा दोनशेवर न राहता पाचशे विमानांच्या आसपास जाते, असे दिसून आले.

पुढे काय झाले हे आता इतिहासजमा आहे. ट्रायस्टार विमान एप्रिल १९७२ पासून प्रवासी वाहतुकीस लागले. ते तांत्रिक दृष्ट्या उत्तम प्रतीचे गणले गेले. सरकारी हमीचे कर्जही कंपनीने फेडले. परंतु १९८१ च्या अखेरीस तिने हे विमान बांधणे थांबविण्याचा निर्णय जाहीर केला, आणि १९८४ मध्ये काम पूर्ण थांबले तेव्हा एकूण २५० विमाने बांधून झाली होती. दोनशेचा आकडा ओलांडला गेला होता, आणि तरीही योजना तोट्याची ठरली. त्यानंतर लॉकहीड प्रवासी विमानांच्या धंद्यात पुन्हा उतरली नाही.

ह्या प्रकरणातून आणखी एक विवेक शिकण्याजोगा आहे. योजना आरंभी हाती घ्यावी काय, हा एक प्रश्न. आणि अर्धी झाल्यावर पुढे न्यावी काय, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी आजवर झालेला खर्च हिशेबात धरावयाचा नसतो, कारण योजना सोडली तरी तो परत येत नाही आणि पुढे नेली तरीही येत नाही. येथून पुढे किती घालावे लागेल आणि येथून पुढे किती येईल, एवढेच तेव्हा पाहावयाचे असते. म्हणूनच आरंभी हाती घेऊ नये अशी योजना अर्ध्यावर आल्यानंतर पूर्ण करणे शहाणपणाचे ठरू शकते. उलट 'एवढा पैसा घातला, आता मागे कसे फिरावे' हा नेहमीचा युक्तिवाद शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. बुडालेल्या पैशाच्या मागे चांगला पैसा पाठविल्याने पहिला वर येत नाही.

पद्धती जितकी सोपी दिसते तितकीच तिच्या वापरात दक्षता हवी. तिला खातेवहीतील नफा नको असतो. प्रत्यक्ष हाती येणारी व हातची जाणारी रोकड हवी असते. यंत्राचा घसारा ही खातेवहीतील नोंद आहे. यंत्राची पुरी किंमत आरंभीच धरल्यावर घसाराही वजा केला, तर एकच खर्च दोनदा मोजला जातो. घसाऱ्यामुळे करात जी सवलत मिळते, तेवढीच विचारात घ्यावी. कच्च्या मालात व उधारीत अडकणारे खेळते भांडवल मात्र बहुधा विसरले जाते. ते आरंभी गुंतते आणि योजनेच्या अखेरीस मोकळे होते, म्हणून त्याचीही नोंद दोन्ही ठिकाणी हवी. व्याजाच्या दरात महागाई मिसळलेली असेल, तर पुढील प्राप्तीचे आकडेही महागाईसह धरावेत. संगणकावर हिशेबाचे तक्ते मांडण्याची जी साधने आज रूढ आहेत, त्यांतील ह्या कामाचे ठरावीक सूत्र पहिली रक्कम आज नव्हे, तर पहिल्या मुदतीच्या अखेरीस येते असे मानून चालते. हे न ओळखता आजचा खर्चही त्या सूत्रात घातला, तर यंत्र निमूटपणे चुकीचे उत्तर देते.

सर्वांत नाजूक प्रश्न दराचा. वर दिलेल्या तेलाच्या गिरणीच्या उदाहरणात दर शेकडा दहाऐवजी सहा धरला, तर निव्वळ वर्तमान मूल्य उणे न राहता अधिक ५३,०९१ रुपये होते. आठ टक्क्यांहून किंचित खाली ते शून्यावर येते. म्हणजे यंत्र बसवावे की न बसवावे हे ठरविण्याचे सामर्थ्य एका लहानशा आकड्यात साठलेले आहे. हा आकडा बँकेने कर्जास लावलेला दर नव्हे. तेच भांडवल तितक्याच जोखमीच्या दुसऱ्या कामात लावले असता जे मिळू शकते, तो हा दर. जोखीम अधिक तितका तो अधिक असावा लागतो. मनात योजना आधीच पक्की करून मग ती पार पडेल असा दर शोधणारा मनुष्य गणित करीत नाही. तो केवळ आपल्या इच्छेस आकड्यांची वस्त्रे चढवितो.

अंदाजांचीही हीच गोष्ट. शेकडा सहा दरानेसुद्धा त्या गिरणीची वार्षिक प्राप्ती अंदाजाहून दहा टक्क्यांनी कमी भरली, तर ५३,०९१ रुपयांचा लाभ नाहीसा होऊन ५२,२१८ रुपयांचा तोटा उभा राहतो. म्हणून जाणता व्यवस्थापक एकाच उत्तरावर विसंबत नाही. भाव पडले तर काय, यंत्र सहा महिने उशिरा सुरू झाले तर काय, खर्च वाढला तर काय, असे प्रश्न विचारून तो हिशेब पुन्हापुन्हा मांडतो. शास्त्र कितीही शुद्ध असले तरी अंदाज मनुष्यच बांधतो, ह्याचा दाखला खुद्द फिशर ह्यांच्या चरित्रात आहे. ज्यांनी ह्या विचारास शास्त्रीय रूप दिले, त्यांनीच ऑक्टोबर १९२९ मध्ये समभागांचे भाव कायमच्या उंच पठारावर पोहोचल्यासारखे दिसतात, असे मत दिले. त्याच महिन्यात अमेरिकेचा समभागबाजार कोसळला आणि त्यात त्यांची स्वतःची संपत्तीही गेली. त्यांचे सूत्र अबाधित राहिले. चुकला तो भविष्याचा अंदाज.

खाजगी धंद्यापलीकडे सार्वजनिक कामांतही हा विचार उपयोगी पडतो. मात्र तेथे बाजारातील किंमत आणि समाजास पडणारी किंमत एकच असते असे नाही. ह्या अडचणीचा विचार करून पार्थ दासगुप्ता, स्टीफन मार्ग्लिन आणि अमर्त्य सेन ह्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेसाठी १९७२ मध्ये प्रकल्पांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शिका सिद्ध केली. धरण, रस्ता किंवा वीजकेंद्र ह्यांचे लाभ पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतात. त्या पिढीच्या रुपयाला आजच्या पिढीने किती मोल द्यावे, हा प्रश्न केवळ गणिताचा राहत नाही. तेथे दर ठरविणे म्हणजे एका अर्थी न्यायनिवाडा करणेच होय.

अखेर हा सारा खटाटोप कोणासाठी, हेही पाहिले पाहिजे. कारखान्यात गुंतलेला पैसा बहुधा चालकांचा स्वतःचा नसतो. तो भागधारकांचा असतो, बँकेतील ठेवीदारांचा असतो, सहकारी संस्थेतील सभासद-शेतकऱ्यांचा असतो. ज्याने आपली बचत दुसऱ्याच्या हाती दिली, त्याने आपला उपभोग पुढे ढकललेला असतो. थांबण्याची किंमत त्याने मोजलेली असते. ती किंमत हिशेबात न धरता योजना मंजूर होते, तेव्हा चालकांस नफा दिसतो आणि थांबणाऱ्याचे नुकसान कोणाच्याच नजरेस पडत नाही. सर्वसाधारण सभेत नव्या यंत्राचा किंवा नव्या कारखान्याचा ठराव पुढे येईल, तेव्हा सामान्य सभासदाने एवढेच विचारावे की, पैसे कोणत्या वर्षी येणार, कोणता दर धरला आहे, आणि अंदाज दहा टक्क्यांनी चुकला तर काय होईल. ह्या तीन प्रश्नांची स्पष्ट उत्तरे ज्या चालकांपाशी तयार असतील, त्यांच्या हाती पैसा सोपविण्यास हरकत नाही.